एका दिवसात बसणारं घर

आमच्या आजोळचं घर सात खणांचं होतं. ते किती चौरस फूट होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नसे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. माजघर तीन खणांचं, ओटी दोन खणांची, असा हिशेब. पणजोबांनी हे घर दोन दिवसांत उभं केलं, ही घरातली अभिमानाची गोष्ट. गावची वीस-पंचवीस माणसं जमली, खांब जोत्यावर चढले, तुळया खाचांत बसल्या, दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आढं चढलं आणि गूळखोबरं वाटलं. गोष्ट खरीच असणार. पण ती संपली की आजी हळूच पुस्ती जोडायची: त्याआधी सागाची लाकडं परसात दोन वर्षं सुकत पडली होती, सुतार जुन्या घराच्या पडवीत चार महिने मुक्कामाला होता आणि जोत्याचे दगड आदल्या उन्हाळ्यातच येऊन पडले होते.

मॉड्युलर घर किती दिवसांत होतं, असं हल्ली बरेच जण विचारतात. कर्जत-मुळशीकडे शेतघर बांधू पाहणारे विचारतात, कोकणात गावच्या जागेत दोन खोल्या काढू पाहणारे विचारतात. जाहिरातींत उत्तर असतं सात दिवस, पंधरा दिवस, फार तर पंचेचाळीस. मला दर वेळी आजीची पुस्ती आठवते.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. मॉड्युलर हा शब्द आपल्याकडे स्वयंपाकघराच्या दारातून आत आला, आणि मॉड्युलर किचन बसवून घेतलेल्या माणसाला या लेखातलं निम्मं आधीच माहीत आहे: माप घ्यायला एक तास, बसवायला दोन दिवस आणि मधली 'तीन आठवड्यांत येईल' ही ओळ. घराच्या बाबतीत मात्र एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, काँक्रीटचे खांब, तुळया, स्लॅब कारखान्यात ओतून जागेवर जोडायचे, हे प्रीकास्ट. दुसरी, भिंतींचे तयार फलक आणून पत्र्याच्या हलक्या पोलादी सांगाड्यावर चढवायचे. बाजारात प्रीफॅब म्हणतात ते बहुधा हेच. तिसरी म्हणजे मालवाहू कंटेनर कापून, आतून अस्तर लावून केलेली खोली किंवा तिचा चुलतभाऊ पोर्टा केबिन. आणि चौथी, खऱ्या अर्थाने मॉड्युलर: खोलीच्या खोली कारखान्यात तयार होते, फरशी, खिडकी, नळ, वायरिंग, कधीकधी न्हाणीघराच्या आरशासकट, ती ट्रेलरवरून येते आणि क्रेनने जागेवर ठेवली जाते. या चौघांचं वेळापत्रक एक नाही. पोर्टा केबिनचे दिवस दाखवून कुणी तीन बेडरूमचा बंगला विकत असेल तर तिथेच थांबावं.

कारखान्यात वेळ वाचतो तो नेमका कशात? पहिलं उत्तर काँक्रीटच्या सुकण्यात. खरं तर काँक्रीट सुकत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून तर आपण त्यावर पाणी मारतो. आपल्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, साध्या सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर दहा दिवस. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा. सहा मीटरहून लांब तुळईला एकवीस. तीन मजले असतील तर हे थांबणं तीनदा. कारखान्यात ते एकाच वेळी होतं, वाफेने लवकरही उरकतं. पोलादी किंवा लाकडी सांगाडा असेल तर प्रश्नच नाही.

पण खरी मोठी बचत आहे ती दोन कामं एकाच वेळी चालण्यात. गवंडीकामात भिंतीला जोत्याची वाट बघावी लागते, गिलाव्याला भिंतीची, वायरिंगवाल्याला गिलाव्याची आणि रंगाऱ्याला सगळ्यांची. मॉड्युलरमध्ये इकडे जागेवर पाया खोदला जात असताना तिकडे शंभर किलोमीटरवर स्वयंपाकघराला टाइल लागत असते. या एकाच युक्तीवर सगळा उद्योग उभा आहे.

बचत किती, याचे आकडे गंमतशीर आहेत. अमेरिकेत सिअर्स या कंपनीने १९०८ पासून कॅटलॉगमधून घरं विकली. घराचे सगळे भाग आधीच कापून, आकडे टाकून, खिळ्यांसकट रेल्वेच्या वाघिणीतून यायचे आणि मालक सुतार लावून जोडायचा. तीसेक वर्षांत अशी सत्तर हजारांच्या आसपास घरं गेली असं मानतात. या कंपनीने एकाच नमुन्याची दोन घरं शेजारी शेजारी बांधून पाहिली होती: आधी कापलेल्या लाकडाच्या घराला सुतारकामाचे ३५२ तास लागले, जागेवर लाकूड कापून केलेल्याला ५८३. बचत सुमारे चाळीस टक्के. आता २०१९ सालच्या मॅकिन्झीच्या अहवालाकडे या. मॉड्युलर बांधकामाने वेळापत्रक वीस ते पन्नास टक्क्यांनी आखडतं असा त्यांचा अंदाज. एक आकडा सुतारांच्या तासांचा, दुसरा सगळ्या प्रकल्पाचा, आणि पहिला तर माल विकणाऱ्याने स्वतःच काढलेला, तेव्हा तुलना जपूनच करायला हवी. तरी मधल्या काळात संगणक आले, रोबोट आले, आणि वचन मात्र फारसं मोठं झालं नाही. ते जाहिरातीतल्या 'दहापट वेगवान'पेक्षा बरंच लहान, पण विश्वास ठेवण्यासारखं आहे.

अमेरिकेत हा धंदा जुना आहे म्हणून तिथलं नेहमीचं वेळापत्रक नमुन्यादाखल घेऊ. एकदा कारखान्याच्या पट्ट्यावर चढलं की घर एक-दोन आठवड्यांत तयार होऊन बाहेर पडतं. जागेवर क्रेनने बसवायला एक दिवस, मोठं असेल तर दोन. हे दोन आकडे सगळीकडे छापले जातात. न छापलेले असे: आराखडा आणि स्थानिक परवानगीला एक ते तीन महिने, कधी त्याहून जास्त, पट्ट्यावर आपला नंबर लागेपर्यंतची रांग, ती मंदीत काही आठवड्यांची आणि तेजीत काही महिन्यांची, आणि घर बसल्यानंतर मॉड्युलांमधले सांधे बुजवणं, छपराची शिवण, पायऱ्या, नळ आणि वीज जोडणं, शेवटची तपासणी, यांना आणखी तीन ते आठ आठवडे. सगळं जमलं तर ठरवल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत पाच-सहा महिने, नाही जमलं तर वर्ष. तिथल्या साध्या, जागेवर बांधलेल्या घराला काम सुरू झाल्यापासून सरासरी सात ते दहा महिने लागतात. फरक आहे, पण सात दिवस आणि सात महिने असा नाही.

विक्रमांच्या बातम्या वाचताना मी एकच गोष्ट बघतो, घड्याळ कधी सुरू केलं. चीनमधल्या चांग्शा शहरात २०१५ साली ब्रॉड या कंपनीने सत्तावन्न मजली इमारत १९ दिवसांत उभी केली. दिवसाला तीन मजले. ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. पण त्याआधी कारखान्यात तिचे २,७३६ भाग घडवायला साडेचार महिने गेले होते. मुळात इमारत सत्त्याण्णव मजल्यांची व्हायची होती, विमानतळ जवळ म्हणून उंची कमी करावी लागली आणि परवानगीच्या घोळात काम मध्येच बराच काळ थांबलं; हे १९ दिवस म्हणजे फक्त प्रत्यक्ष जोडणीचे. त्याच शहरात त्याच कंपनीने २०२१ मध्ये दहा मजले २८ तास ४५ मिनिटांत जोडले. आणि त्याच कंपनीची २०२ मजल्यांची, जगातली सर्वांत उंच होणारी इमारत २०१३ मध्ये भूमिपूजन होऊन जी थांबली ती थांबलीच. पुढे तिच्या पायाच्या खड्ड्यात मासे पाळल्याच्या बातम्या आल्या.

आपल्याकडचं उदाहरण जास्त प्रामाणिक आहे, कारण तारखा जाहीर आहेत. बंगळुरूत डीआरडीओची सात मजली, एक लाख तीस हजार चौरस फुटांची इमारत ४५ दिवसांत झाली आणि १७ मार्च २०२२ रोजी तिचं उद्घाटन झालं. कोनशिला बसली होती २२ नोव्हेंबर २०२१ ला. प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं ३ फेब्रुवारीला. घड्याळ फेब्रुवारीत लावलं तर जवळजवळ पंचेचाळीस दिवस, नोव्हेंबरात लावलं तर चार महिन्यांना थोडे कमी. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही हेवा वाटावा इतकं लवकर आहे. नवी मुंबईत सिडकोसाठी बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ सदनिकांची बारा मजली इमारत प्रीकास्ट पद्धतीने उभी राहिली, तीही त्याच वर्षी, आणि बांधणारी कंपनीही तीच, लार्सन अँड टुब्रो. ही दोन्ही कामं कुणाकडे होती ते लक्षात घ्या: जमीन मालकीची, परवानगी देणारा आणि मागणारा जवळजवळ एकाच घरातला, आराखडा आधी पक्का, पैसा तयार आणि कंत्राटदार देशातला सर्वांत मोठा. एवढं जुळून आलं की तंत्रज्ञान काय करू शकतं ते दिसतं.

जुळून नाही आलं तर काय होतं, हे पाहायला केंद्र सरकारचे 'लाइट हाउस' प्रकल्प फार उपयोगाचे आहेत. १ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी सहा शहरांत एकाच दिवशी त्यांची पायाभरणी केली: इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा, लखनौ. प्रत्येक ठिकाणी हजाराच्या आसपास घरं, प्रत्येक ठिकाणी वेगळं परदेशी तंत्र आणि सगळीकडे मुदत एकच, बारा महिने. शास्त्रीय प्रयोगच म्हणा ना. चेन्नईला प्रीकास्टची ११५२ घरं होती. ती मे २०२२ मध्ये, सुमारे सतरा महिन्यांनी लोकांच्या हाती आली. राजकोटची ११४४ घरं ऑक्टोबर २०२२ मध्ये. रांचीला खरीखुरी त्रिमितीय पद्धत होती, म्हणजे काँक्रीटच्या आख्ख्या खोल्या आधी ओतायच्या आणि एकमेकींवर रचायच्या. व्याख्येप्रमाणे सहांपैकी सर्वांत मॉड्युलर हीच. तिथल्या १००८ घरांचं लोकार्पण झालं मार्च २०२४ मध्ये. बारा महिन्यांचं काम तीन वर्षांवर गेलं.

कोविडची दुसरी लाट सहाही शहरांत आली होती. रांचीत जागेवरून स्थानिक लोकांचा विरोधही झाला. पण मला महत्त्वाची वाटते ती राजकोटची गोष्ट. तिथे कारखान्यातल्या खोल्या नव्हत्याच. बोगद्याच्या आकाराचे पोलादी साचे लावून भिंत आणि स्लॅब जागेवरच एकसंध ओतले गेले, सेंटरिंगवाल्यालाही ओळखीची वाटावी अशी पद्धत. आणि ती आख्ख्या खोल्या रचणाऱ्या रांचीच्या दीड वर्ष आधी पोचली. वेग खोलीच्या खोली आणण्यात नसतो. वेग असतो तोच साचा पुन्हा पुन्हा, ओळखीच्या हातांनी, न थांबता वापरण्यात. जे तंत्र देशात पहिल्यांदाच येतंय, ज्याचा कारखानाही आधी उभारायचा आहे, त्याचं पहिलं घर सावकाशच होणार.

हा धडा दिल्लीने आधीही एकदा गिरवला होता. फाळणीनंतर निर्वासितांसाठी झटपट घरं हवी होती म्हणून १९४८ मध्ये सरकारने दिल्लीत घरांचा कारखाना काढायचं ठरवलं. जर्मनीतून आलेले वास्तुकार ओटो कोनिग्सबर्गर तेव्हा केंद्रात गृहनिर्माणाचे संचालक होते. फेसाळ काँक्रीटचे हलके फलक ओतायचे आणि घरं जोडत जायचं, अशी योजना. फलकांनी दगा दिला, घरांची संख्या वाढलीच नाही, आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर लंडनला निघून गेले. जंगपुऱ्याचा कारखाना मात्र राहिला. पुढे हिंदुस्थान प्रीफॅब या नावाने त्याने विजेचे खांब, रुळांखालचे स्लीपर आणि पुलांच्या तुळया केल्या. म्हणजे काँक्रीटचे भाग बनवण्यात तो यशस्वी झाला. घर बनवण्यात नाही.

परदेशातही हीच रडकथा. ओहायोच्या लस्ट्रॉन कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी कर्ज काढून, चिनी मातीच्या भांड्यासारखा चकचकीत मुलामा दिलेल्या पत्र्याची घरं काढली. अडीच हजारांच्या आसपास झाली आणि १९५० मध्ये कंपनी बुडाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ९३० मॉड्युलांची बत्तीस मजली इमारत २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाली, दोन वर्षांत व्हायची होती, पण मॉड्युलं नीट जुळेनात, पाणी गळू लागलं, बांधणारे आणि मालक एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले आणि इमारत २०१६ मध्ये पुरी झाली. कॅटेरा कंपनीने गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर घेतले, २०१८ मध्ये आपल्या कृष्णगिरीचा केईएफ इन्फ्राचा कारखानाही पंखाखाली घेतला आणि २०२१ मध्ये दिवाळं काढलं. ब्रिटनमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात एकापाठोपाठ दोन मोठे मॉड्युलर कारखाने बंद पडले. कारखान्याला रोज पट्टा चालू ठेवायला घरांच्या मागणीचा अखंड ओघ लागतो, आणि घरांची मागणी तर पावसाळी नाल्यासारखी. गवंड्याला काम नसलं तर तो गावी जातो. कारखान्याचं व्याज गावी जात नाही.

जपान आणि स्वीडन इथे मात्र हे चाललं आहे. सेकिसुई हाइमची पोलादी चौकटीची एककं १९७० च्या सुमारास बाजारात आली आणि अजून येतात. घराची चौकट आणि छप्पर एका दिवसात बसतं. स्वीडनमध्ये बहुतेक स्वतंत्र घरं कारखान्यातच घडतात, कारण तिथला हिवाळा उघड्यावर काम करू देत नाही. तिथे दिवस किती वाचले याची फुशारकी कुणी मारत नाही. अमुक तारखेला घर मिळेल म्हणजे मिळेल, एवढंच लोकांना हवं असतं.

यावरून कोकणाकडे वळायला हरकत नाही, कारण हवामानाने घातलेलं कुंपण आपल्याकडेही आहे. कोकणात बांधकामाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं आणि मेच्या शेवटाला संपतं. जोतं उशिरा झालं, स्लॅब मृगात अडकला, की घर ताडपत्री पांघरून दसऱ्याची वाट बघतं. पावसाळ्याचे चार महिने कारखान्यात काम चालू राहणं, हा मॉड्युलरचा आपल्यासाठी सर्वांत मोठा फायदा. कुठल्याही जाहिरातीत तो मी पाहिलेला नाही. अट एकच: पाया पावसाआधी झालेला हवा, आणि ट्रेलर-क्रेन पावसानंतर, जमीन आवळल्यावर. भातखाचरातून आषाढात क्रेन नेता येत नाही.

ट्रेलरचीच गोष्ट निघाली म्हणून. आपल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत. त्याहून रुंद माल न्यायचा तर खास परवानगी, पुढेमागे गाड्या, ठरावीक वेळा. साधा कंटेनर आठ फूट रुंद असतो तो याच हिशेबात, आणि आतून अस्तर लावल्यावर खोली राहते जेमतेम सात फुटांची, पलंग टाकला की चालायला बोळ. म्हणून आपल्याकडे आख्खी खोली आणण्यापेक्षा फलक आणून जागेवर जोडणं परवडतं. त्यात जागेवरचे दिवस वाढतात, पण वरंध घाटाच्या वळणावर घर अडकत नाही.

बाकी अडथळे कागदाचे. कारखान्यातून आणलेल्या घराला परवानगी लागत नाही, अशी एक गोड समजूत पसरलेली आहे. चाकं लावली म्हणून, किंवा बोल्टने बसवलं म्हणून, जमिनीवर राहण्यासाठी ठेवलेलं घर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. मोजणी, नकाशामंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र हे सगळं विटांच्या घरासारखंच. बँकेचा त्रास तर थोडा जास्तच. गृहकर्जाचे हप्ते सुटतात जोतं झालं, स्लॅब पडला, गिलावा झाला या पायऱ्यांवर. इथे स्लॅबच नसतो. कारखानदाराला माल उचलण्याआधी बहुतेक रक्कम हवी असते आणि बँकेच्या माणसाने जागेवर येऊन बघितलं तर मोकळं जोतं आणि चार अँकर बोल्ट.

आणि मग आपण स्वतः. गवंडीकामात आपण बांधता बांधता ठरवतो. जिना इकडे नको तिकडे, देवघराची भिंत एक वीत पुढे, खिडकी मोठी करा हो, सासूबाईंना उजेड लागतो. मुकादम मान डोलावतो, दोन दिवसांचं काम वाढतं, कुणाला काही वाटत नाही. मॉड्युलरमध्ये प्लगची जागासुद्धा पट्टा चालू होण्याआधी सांगावी लागते. एकदा फलकाला भोक पडलं की ते हलवायला नवा फलक. माझ्या मते आपल्याकडे या पद्धतीला सर्वांत जास्त वेळ याच टप्प्यावर लागतो, आणि तो कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो. 'नंतर बघू' हा आपल्या गृहबांधणीचा पाया आहे. तोच इथे काढून घेतला जातो.

झटपट घराची सर्वांत निकडीची गरज आपत्तीनंतर असते, आणि तिथेच हिशेब सर्वांत विचित्र होतो. ब्रिटनने महायुद्धानंतर, १९४५ ते १९४९ या काळात, दीड लाखाहून जास्त तात्पुरती तयार घरं उभारली. ॲल्युमिनियमचा एक नमुना तर चार तुकड्यांत लॉरीवरून येई. आयुष्य धरलं होतं दहा वर्षांचं. लंडनच्या कॅटफर्डमधल्या वसाहतीत लोक त्यांत साठाहून अधिक वर्षं राहिले आणि पाडायला आले तेव्हा काही जण भांडलेसुद्धा. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ मध्ये, बावन्न गावं नव्या जागी हलवली; पत्र्याच्या निवाऱ्यांतून पक्क्या घरांत जायला कित्येकांना वर्षं लागली. आणि अलीकडचं, महाड तालुक्यातलं तळीये. २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. म्हाडाने तिथे प्रीफॅब पद्धतीने गाव वसवायचं ठरवलं, आणि ते ठरवणं रास्तच होतं. डोंगरउतारावर विटा-वाळू चढवण्यापेक्षा फलक चढवणं सोपं. दोन वर्षांनंतरही तिथली कुटुंबं कंटेनरमध्येच होती. मे महिन्यात पत्र्याच्या त्या पेटीत दुपार काढणं म्हणजे काय, हे रायगडचा उन्हाळा पाहिलेल्याला सांगायला नको. फलक जोडायला दोन वर्षं लागत नाहीत. सुरक्षित जमीन शोधणं, ती ताब्यात घेणं, उतार सपाट करणं, रस्ता, पाणी, सांडपाणी, मधले पावसाळे: एका गावाचा वेळ यात जातो.

आता ज्याला खरंच घर बांधायचं आहे त्याला उत्तर हवं. दापोलीकडे माझ्या एका वर्गमित्राने, निवृत्त शिक्षकाने, साडेसहाशे चौरस फुटांचं पोलादी सांगाड्याचं, फलकांचं घर घेतलं. शिक्षकच असल्यामुळे त्याने वहीत तारखा लिहून ठेवल्या. मोजणीचा अर्ज जानेवारीत केला, मोजणीवाले आले मेमध्ये. बांधकाम परवानगी सप्टेंबरच्या शेवटी. दसऱ्याला कारखान्याला आगाऊ रक्कम दिली. नकाशा पक्का झाला दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी, कारण न्हाणीघर पूर्वेला की उत्तरेला यावर घरात एकमत होईना. डिसेंबरभर जोतं आणि सेप्टिक टाकी. कारखान्याने सहा आठवडे सांगितले होते, घेतले दहा. फेब्रुवारीत माल निघाला, पण शेवटच्या पाखाडीच्या वळणावर ट्रेलर वळेना, म्हणून डांबरी रस्त्यावर उतरवून दोन छोट्या टेंपोंतून सात फेऱ्या झाल्या. घर जोडायला सहा दिवस लागले. सारं गाव बघायला आलं होतं, आणि तेच सहा दिवस आता गावात सांगितले जातात. फरशी, रंग, दारं, पायऱ्या यांत एप्रिल सरला.

मी त्याला विटांच्या घराशी ताडून बघ म्हटलं. त्याच्या अंदाजाने परवानगीनंतर गवंड्याने तेच घर करायला एक पावसाळा मध्ये धरून चौदा-पंधरा महिने घेतले असते. याला लागले सात. निम्मे वाचले. आधीचे नऊ महिने दोन्हीकडे तेच राहिले असते.

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत होती, म्हणून आम्ही गेलो. घर छान झालं आहे, दुपारी आत गारवा होता, भिंतीवर टकटक केलं की पोकळ आवाज येतो एवढंच. पंखे मात्र शेजारच्या खोतांच्या घरातून ओढलेल्या वायरवर फिरत होते. वीजजोडणीचा अर्ज मार्चमध्येच दिलेला होता. वहीतली शेवटची नोंद मीटर बसल्याची आहे, १९ ऑगस्टची.